फोडणीचा बंपर

रहिमतपुरात अंजना शेडगेने कव्हर घातलं नाही अशी वस्तू शोधायची, तर माणसाला वेस ओलांडूनच जावं लागलं असतं. टीव्ही, मिक्सर, कूलर, भजनी मंडळाची पेटी, ट्रॅक्टरच्या सीटा, बुलेटच्या टाक्या, सगळं तिच्या मशीनखालून गेलेलं. शेजारच्या धोंडुबाईंच्या गॅसच्या टाकीला तिने एकदा झालरीचा घेरदार फ्रॉक शिवला होता. टाकी बदलायला आलेला माणूस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थबकला आणि म्हणाला, "मावशी, पाव्हणी आलीय काय? मागनं येतो."

हे शिवणकाम तिला कुणी शिकवलं नव्हतं. लग्नात आलेलं मशीन, त्याच्यासोबतची इंग्रजी पुस्तिका (जी तिने फक्त चित्रांवरून वाचली) आणि जन्मजात हट्ट, एवढ्या भांडवलावर ती शिकली होती. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती छाती पुढे काढून सांगायची, "वस्तू कुठलीबी आणा. जे आपटतं, त्याला अंगडं लागतंच. आणि अंगडं शिवावं तर आपणच."

अशा या बाईच्या स्वतःच्या लेकीची वस्तू मात्र दोन वर्षं उघडीवाघडी फिरत होती.

लेक अंकिता, नववीतली. तिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी ऋषिराज सरांच्या हाताखाली एक रोबो बनवला होता. चार चाकं, पुढे चेंडू उचलायचा पंजा, मधोमध बॅटरी आणि चहूबाजूंनी लोंबणाऱ्या वायरी. न विंचरलेल्या पोरीसारखा त्याचा अवतार बघून मुलींनी नाव ठेवलं झिपरी. स्पर्धेत दोन शाळांचे दोन रोबो समोरासमोर सोडतात. तीन मिनिटांत जमिनीवरचे रबरी चेंडू उचलून आपापल्या टोपलीत टाकायचे. ज्याचे चेंडू जास्त, तो पुढे. अंगावर अंग घासलं, धक्का लागला तर चालतं. मुद्दाम मोडतोड केलेली चालत नाही.

"म्हंजे एसटीत चढण्यासारखंच की," अंजनाचा नवरा प्रशांत म्हणाला होता. प्रशांत फौजेत वीस वर्षं ड्रायव्हर होता. निवृत्त होऊन आता स्वतःचा टेम्पो चालवत होता.

गेल्या वर्षी साताऱ्याच्या स्पर्धेत चाळिसाव्या सेकंदाला कुठल्याशा रोबोचा कोपरा झिपरीच्या बरगडीत बसला. बॅटरीची वायर निखळली आणि झिपरी मैदानात खांबासारखी उभी राहिली. अंकिता पुढची दोन मिनिटं वीस सेकंद रिमोटची बटणं दाबत होती. मेलेल्या मशीनची बटणं. हूटर वाजला तरी तिचे अंगठे थांबले नव्हते. ती रडली नाही. घरी येऊन जेवली नाही, आणि महिनाभर त्या घरात कुणी रोबोतला 'रो' काढला नाही. अंजनाला आजही डोळे मिटले की ते दोन अंगठे दिसायचे.

आणि यंदाचं वर्ष शेवटचं होतं. दहावीच्या मुलींना शाळा स्पर्धेला नेत नसे. यंदा साताऱ्याची फेरी बिनधक्क्याची, नशिबाने पार पडली होती आणि पुढची फेरी सांगलीला होती. अंकिता एकदाच म्हणाली होती, "जिंकू नाही तर हरू. पण या वेळी झिपरी पूर्ण तीन मिनिटं चालली पाहिजे."

त्या वाक्यापासून अंजनाच्या डोक्यात बंपर बसला.

"त्याची काही गरज नाही, मम्मी," रविवारी पोहे खाताना अंकिता म्हणाली. "वजनाची मर्यादा पंधरा किलो आहे. झिपरी तेरा किलो चारशे. बंपर लावला की वेग कमी, वळणं जड, बॅटरी लवकर उतरते. चांगल्या टीम बंपर लावतच नाहीत."

"चांगल्या टीमची वायर तुटत न्हाई व्हय?"

"त्या आधीच निसटतात. हलका रोबो धक्का चुकवतो."

"आमच्या पलटनीत एक जण होता," प्रशांत म्हणाला. "हेल्मेट जड होतंय म्हणून काखेत मारून हिंडायचा."

"मग?"

"मग काय. टेंगूळ हेल्मेटपेक्षा जड झालं."

अंकिताने बापाकडे दुर्लक्ष केलं. "मम्मी, तुला सगळ्यालाच कव्हर घालायचं असतं."

"घातल्यानं कधी काय वाईट झालं ते सांग."

"मिक्सर," अंकिता म्हणाली.

कव्हर काढायचं विसरून अंजनाने एकदा लसणाची चटणी फिरवली होती, त्यात मिक्सर गेला, कव्हर गेलं आणि चटणीही कुणी खाल्ली नाही. पण हा विषय त्या घरात काढायचा नसतो.

प्रकरण ऋषिराज सरांकडे गेलं. सर गणिताचे, पण माणसांच्या बाबतीत उत्तर काढायला घाबरायचे. "नियमात बंपर ऐच्छिक आहे," ते म्हणाले. "लावला तरी चालेल, नाही लावला तरी चालेल. दोघींचंही बरोबर आहे."

"सर, दोघींचं बरोबर कसं असंल?" अंजना म्हणाली. "भिंतीवर आपटून बघूया की."

मग शाळेच्या व्हरांड्यात झिपरीला भिंतीवर सोडलं. उघड्या अंगाने तिसऱ्या धडकेला वायर सुटली. मग अंजनाने पिशवीतून उशी काढली, सुतळीने झिपरीच्या पोटाला बांधली आणि पुन्हा सोडलं. दहा झाल्या, पंधरा झाल्या, वीस धडका झाल्या. भिंतीचा पोपडा निघाला, वायर जागची हलली नाही. अंकिताने वहीत दोन्ही आकडे लिहिले, त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि पेनचं टोपण लावलं. पोरगी हट्टी होती, पण आकड्याशी भांडणारी नव्हती.

"दीड किलो," ती म्हणाली. "एक ग्रॅमही जास्त नाही. आणि टीमचा नंबर मोठा, ठळक पाहिजे. आमचा नंबर अकरा."

"वस्तू सांगितलीस, आता अंगडं माझं," अंजना म्हणाली.

आठवड्याभरात बंपर तयार झाला. काळं रेक्झिन, दुहेरी शिवण, झिपरीच्या कमरेला बसेल असा चौकोनी पट्टा, मागे चेन, आतून वेल्क्रो. भरायला फोम घेतला नाही, फोम वर्षात बसतो. तिने जुन्या सुती साड्यांची वाकळ घातली. वाकळ माणसाला उमरभर पुरते. किराणा दुकानातल्या काट्यावर वजन भरलं एक किलो चारशे ऐंशी. अंकिताने काट्याच्या आकड्याचा फोटो काढून घेतला. आईवर विश्वास होता, तरी.

पांढऱ्या रेक्झिनमध्ये नंबर कापून शिवताना अंजनाचा हात सवयीने चालला. गेली पंधरा वर्षं ती ट्रॅक्टरच्या आणि टेम्पोच्या कव्हरांवर नंबर शिवत होती. त्यामुळे बंपरच्या चारही बाजूंना नुसता 'अकरा' न येता 'एमएच ११' असा आला. ऋषिराज सरांनी बघितलं आणि म्हणाले, "अकरा दिसतोय. चालेल."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे जे झालं ते स्पर्धेच्या सकाळी, चहाच्या वेळात.

बाहेर प्रशांत टेम्पोत झिपरीसाठी गादी अंथरत होता. मुली वायरी मोजत होत्या. अंजना कप विसळून आली आणि तिने बंपरचा एक कोपरा दाबून बघितला. जरा मऊच लागला. गेल्या वर्षीचा घाव कोपऱ्यानेच बसला होता. तिला ते दोन अंगठे दिसले. तिने चेन उघडली, ट्रंकेतून आपल्या आईचं जुनं सुती लुगडं काढलं, घड्या घालून वाकळीवर पसरलं, सटासट आरपार टाचलं आणि चेन लावली. दहा मिनिटांचं काम. आईच्या हाताला माप नसतं. डब्यात दोन चपात्या सांगितल्या तरी तीनच जातात, आणि तिसरी जाताना वजन कोण करतं?

टेम्पो कराडवरून सांगलीत पोचला तेव्हा साडेनऊ झाले होते. स्पर्धा एका कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये होती. दाराशीच वजनकाटा. काट्यावरच्या माणसाने झिपरी ठेवली, आकडा बघितला आणि परीक्षेचा निकाल वाचावा तसं वाचलं, "सोळा किलो शंभर. अकराशे ग्रॅम जास्त."

"काटा बिघडला असेल," ऋषिराज सर म्हणाले.

अंकिताने काट्याकडे बघितलंच नाही. तिने आईकडे बघितलं.

"मम्मी. काय घातलंस?"

"काय न्हाई."

"मम्मी."

"आज्जीचं लुगडं."

"अख्खं?"

"अख्खं कसं असंल? पदराकडचं ठेवलंय घरी."

"मग काढा आणि पुन्हा लावा, पंचवीस मिनिटं आहेत," काट्यावरचा माणूस म्हणाला. पण लुगडं नुसतं ठेवलेलं नव्हतं, मायेने आरपार टाचलेलं होतं, आणि एकेक टाका उसवायला वेळ नव्हता. ते ओढलं तशी त्याच्याबरोबर अख्खी वाकळ बाहेर आली, आणि बंपरचा राहिला रिकामा, लोंबता पट्टा. प्रशांत म्हणाला, अर्धी वाकळ फाडून भरूया. पण मग दोन बाजू भरल्या आणि दोन रिकाम्या राहिल्या.

"बॅलन्स जाईल," अंकिता म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि अंजनाला तोच जास्त लागला. "राहू दे मम्मी. बंपर काढून टाकू. तशीच खेळवते."

"वीस मिनिटं दे मला."

"मम्मी..."

"वीस मिनिटं. तुला वायर जोडायला कुणी नको म्हणालंय का कधी?"

अंजना रिकामा पट्टा खांद्यावर टाकून रस्त्यावर आली. रविवार, फोमची दुकानं बंद. कागद भरावा तर दाबला की दाबलेलाच राहतो. हलकं हवं, दाबलं की सरकणारं हवं, लगेच मिळणारं हवं. आणि मग तिला आठवलं, की मागच्या दिवाळीत तिने सरपंचांच्या सूनबाईंना बीन बॅग शिवून दिली होती. बीन बॅगेत काय असतं? थर्मोकोलचे मणी. आणि थर्मोकोलचे मणी म्हणजे तरी काय? बिनचवीचे चुरमुरेच की!

आणि ती उभी होती सांगलीत. त्या गावात पाच मिनिटांच्या अंतरावर चुरमुरे नाहीत असा बिंदू सापडत नाही.

कॉलेजच्या फाटकासमोरच बिराप्पाचा गाडा होता. अंजना धापा टाकत गेली.

"साधं चुरमुरं द्या. किलोभर."

"साधं संपलं की अक्का, सकाळीच," बिराप्पा म्हणाला. "भडंग हाय. ताजं, आत्ताच परतलंय."

"तेल किती हाय त्यात?"

"अंगापुरतं."

"लसूण?"

"लसणाशिवाय भडंग म्हंजे..." बिराप्पाला उपमा सुचली नाही. "खाऊन तर बघा."

"खायाचं न्हाई. भरायचंय."

"कशात?"

"बंपरमधी."

बिराप्पाने तिच्या खांद्यावरच्या काळ्या पट्ट्याकडे बघितलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि कसलाही प्रश्न न विचारता किलोभर भडंग मापलं. गाड्यावर उभ्या माणसाने जगात किती प्रकारची माणसं बघावीत याला काही मर्यादा नाही.

हॉलच्या पायरीवर बसून अंजनाने बंपर भरला. चारही बाजू सारख्या टम्म फुगल्या. दाबला की मऊ सरकायचा, सोडला की आतून चुर्र बोलायचा. अंकिता आली, तिने दाबून बघितला, वास घेतला, आणि तोंड उघडलं.

"बोलू नको," अंजना म्हणाली. "आधी काट्यावर ठेव."

पंधरा किलो दोनशे.

"शेंगदाणे," अंकिता म्हणाली. "जड शेंगदाणेच आहेत."

मग चार मुली, एक फौजी आणि एक गणिताचे सर पायरीवर गोल करून बसले आणि बंपरमधले शेंगदाणे वेचू लागले. वेचलेले ठेवायला जागा नव्हती, म्हणून खाल्ले. खोबऱ्याचे काप वजनात नव्हते, पण तेही खाल्ले. ऋषिराज सर तोंडात शेंगदाणे असतानाच म्हणाले, "वजन कमी करायची ही पद्धत मी प्रथमच बघतोय." पुन्हा काट्यावर ठेवलं. चौदा किलो नऊशे साठ. काट्यावरच्या माणसाने शिक्का मारला, नाक वर करून दोनदा हुंगलं आणि म्हणाला, "कॅन्टीन उघडलं वाटतं."

झिपरीची जोडी लागली सांगलीच्याच एका टीमशी. त्यांचा रोबो गरुड. सडसडीत, चकचकीत, अंगावर एक जास्तीचा खिळाही नाही. बंपर तर नाहीच. तो चालवणारा साईराज नावाचा मुलगा; त्याने झिपरीच्या पोटावरची पाटी वाचली आणि हसत अंजनाकडे बघितलं.

"काकू, एमएच दहाच्या गावात एमएच अकरा मिरवायला आणलाय व्हय?"

"आमच्या टीमचा नंबर हाय तो," अंजना म्हणाली.

पण पाटी तोवर प्रेक्षकांनीही वाचली होती. गॅलरीतून आरोळी आली, "बघून घे रं साईराज, साताऱ्याची गाडी हाय." साताऱ्याकडची जी चार माणसं होती, त्यांनी उलट आरोळी दिली. साध्या चेंडूच्या खेळाला दोन जिल्ह्यांच्या अब्रूचं स्वरूप आलं. अंजनाने तिसऱ्या रांगेत बसल्या बसल्या पदर डोक्यावरून पुढे ओढला.

शिट्टी झाली. पहिलं मिनिट चांगलं गेलं. झिपरीने तीन चेंडू टाकले, गरुडानेही तीन टाकले. मग झिपरीच्या मोटरी तापल्या. आणि मोटरी तापल्या तसा त्यांना चिकटून बसलेला लसूण सुटला.

आधी पुढच्या रांगेला कळलं. मग पंचांना. मुख्य पंच मोठ्या मिशांचे, गंभीर गृहस्थ होते. त्यांनी नाक वर केलं, हात वर केला आणि घड्याळ थांबवलं.

"जळका वास येतोय. कुणाची तरी वायर करपतेय. दोन्ही मशीन बंद."

दोन्ही टीम आपापल्या रोबोवर वाकल्या. साईराजने गरुडाची एकेक वायर हुंगली. पंच झिपरीजवळ गुडघ्यांवर बसले, बंपरला नाक लावलं आणि तसेच राहिले, कारण वास ओळखीचा होता पण त्या जागी अपेक्षित नव्हता.

अंजनाशेजारी एक म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या, त्या सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वायर न्हाई ओ ती. फोडणी हाय. लसूण लाल झालाय, करपला न्हाई अजून."

"तुमाला कसं ठाऊक?" पलीकडचा कुणी म्हणाला.

"साठ वर्षं चुलीफुडं काढल्यात, एवढं कळत न्हाई व्हय?"

पंचांनी सगळ्या वायरी तपासल्या, कुठेच काही सापडलं नाही. त्यांनी कपाळाला आठ्या घालून घड्याळ पुन्हा सुरू केलं.

झिपरीचे पाच झाले, गरुडाचे पाच झाले. झिपरीने सहावा टाकला तशी गॅलरीतून पुन्हा एमएच दहाचा गजर झाला, आणि साईराजने काय करावं? चेंडू सोडून गरुड सरळ झिपरीवर घातला. धाड. कोपरा बरगडीत. गेल्या वर्षी बसला होता, त्याच जागी.

झिपरी दोन वीत मागे सरकली, हलली, आणि चालू लागली. एक वायर निखळली नाही. फक्त बंपरची शिवण उसवली, आणि उसवलेल्या जागेतून चुर्र करत भडंगाची धार लागली. झिपरी पुढे, मागे भडंग. वळली की वळणावर भडंग. लग्नात अक्षता उधळाव्यात तसं सगळं मैदान पिवळंधमक होत गेलं. तिखटाची पूड वर उडाली आणि पहिली रांग ओळीने शिंकली.

पंचांनी शिट्टी तोंडात धरली आणि वाजवायच्या आधी नियमपुस्तिका उघडली. रोबोतून खिळा पडला तर काय, तेल सांडलं तर काय, बॅटरीचं पाणी गळलं तर काय, सगळं लिहिलेलं होतं. त्यांनी पान मागे उलटलं, पुढे उलटलं. मग शिट्टी खिशात ठेवली आणि शेजारच्या पंचाला म्हणाले, "भडंगाबद्दल काहीच नाही. चालू द्या."

पण चालणार कसं? बिराप्पाचं 'अंगापुरतं' तेल आता फरशीच्या अंगाला लागलं होतं. झिपरी डुगडुगत चालली. गरुड हलका आणि वेगवान. तो भडंगावर आला, दोन गिरक्या घेतल्या, आणि धाडकन भिंतीला जाऊन आदळला. त्याच्या पोटातून एक वायर निम्मी बाहेर आली. गरुड थांबला.

चाळीस सेकंद राहिले होते. झिपरी सहा, गरुड पाच. साताऱ्याची चार माणसं उभी राहिली. आता झिपरीने नुसतं उभं राहायचं होतं.

अंजना मात्र झिपरीकडे बघत नव्हती. ती साईराजच्या हातांकडे बघत होती. त्याचे अंगठे बटणांवर चालले होते. भराभर, भराभर. मेलेल्या मशीनवर. तिने मान वळवली, तर अंकिताही तेच बघत होती.

झिपरी वळली. एक चेंडू गरुडाच्या अलीकडे पडला होता, तिकडे निघाली म्हणावं तर निघाली. भडंगावर आली, सुर्रकन सरकली, चेंडू बाजूलाच राहिला, आणि उसवलेल्या मऊ बंपरने गरुडाच्या कुशीत हलकेच एक धक्का दिला. भिंत आणि बंपर यांच्या मध्ये गरुडाची वायर दाबली गेली आणि परत खोबणीत बसली. आपल्याकडे रेडिओपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं एका टपलीवर चालू होतं, गरुडही त्याच मातीतला. त्याचा दिवा लागला. साईराजने एक चेंडू टाकला. हूटरच्या तोंडावर दुसरा टाकला.

सात-सहा. गरुड पुढे गेला.

हॉल दणाणला. मैदानात झिपरी अजून फिरत होती, सांडत होती. अंकिताने तिला एक पूर्ण गोल चक्कर मारायला लावली आणि मग बटण बंद केलं.

"तिला नुसती उभी ठेवली असतीस तरी जिंकलो असतो की गं," ऋषिराज सर म्हणाले. उत्तर इतकं स्पष्ट होतं की त्यांनाही ते काढता आलं.

"घसरली, सर," अंकिता म्हणाली. "भडंगावरून."

प्रशांत अंजनाच्या कानाशी आला. "वीस वर्षं गाडी चालवलीय मी. घसरलेली गाडी इतकी सरळ जात न्हाई."

"गप बसा," अंजना म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. विचारलं असतं तर तिने तिखट गेलं म्हणून सांगितलं असतं.

पुढचा अर्धा तास तिने आणि चौघी मुलींनी केरसुणी घेऊन मैदान झाडलं. मुख्य पंच चालत जवळ आले. अंजनाने केरसुणी खाली ठेवली आणि बोलणी खायची तयारी केली.

"बंपर तुम्ही शिवलात?"

"व्हय साहेब. चूक झाली."

पंच झिपरीभोवती एक फेरी मारून आले. "तिला केवढी धडक बसली. एक वायर हललेली नाही. मी सात वर्षं सांगतोय, बंपर लावा. सगळे म्हणतात, वजन वाढतं." त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि आवाज खाली आणला. "त्या डावीकडच्या कप्प्यात थोडं उरलंय का? सकाळपासून नुसता वास घेतोय."

त्यांच्या मागे साईराज उभा होता. "काकू, आमच्या गरुडाला एक शिवून द्याल काय?"

"वजन किती त्याचं?" विचारलं अंकिताने.

"तेरा आठशे."

"मग बाराशे ग्रॅम. आणि शिवून होईपर्यंत मम्मीजवळच बसा. तिच्याजवळ लुगडी आहेत."

परतीच्या वाटेवर कराड मागे पडलं. टेम्पोच्या हौद्यात मायलेकींशेजारी झिपरी गादीवर आडवी होती आणि खड्ड्यागणिक थोडं थोडं सांडत होती. अंजना म्हणाली, "माझ्यामुळं गेलं गं सगळं. दीड किलो म्हणाली होतीस. दीडच ठेवायला हवं होतं."

अंकिताने बंपरच्या फाटक्या तोंडात हात घातला, चाचपून एक चुकार शेंगदाणा काढला आणि आईच्या तळहातावर ठेवला.

"तीन मिनिटं चालली, मम्मी," ती म्हणाली. "पूर्ण. वर एक चक्कर."

स्पर्धेची नवी नियमपुस्तिका पुढच्या वर्षी शाळेत आली. ऋषिराज सरांनी ती मुद्दाम दुकानात आणून दिली. पान नऊवर लिहिलं होतं: बंपर सर्व रोबोंना बंधनकारक. आणि त्याखाली, वेगळ्या ओळीत, ठळक: बंपरमध्ये भडंग भरू नये.

अंजनाने ते पान धोंडुबाईंना वाचून दाखवलं, प्रशांतला दोनदा वाचून दाखवलं, आणि पुस्तिकेला पारदर्शक प्लास्टिकचं, निळ्या पायपिंगचं कव्हर घातलं. अंकिता आता दहावीत. झिपरी नववीच्या मुलींकडे गेली. नवा बंपर अंजनानेच शिवला. फोमचा, दीड किलोला पन्नास ग्रॅम कमी. अंकिताने स्वतः तीनदा वजन केलं, चेन लावली, वर सही केलेली चिठ्ठी चिकटवली आणि अभ्यासाला गेली.

तिची पाठ वळल्यावर अंजनाने चिठ्ठी हळूच उचलली आणि ज्या कोपऱ्यात घाव बसला होता, त्या कोपऱ्यात काहीतरी सरकवलं. आता तुम्हाला म्हणून सांगते, मूठभरच होते. साधे, बिनतेलाचे. आणि नियमात चुरमुऱ्यांविषयी काही लिहिलेलं नाही, हे तिने आधी दोनदा वाचून घेतलं होतं.